सस्पेन्शन लिफ्ट किटची निवड

सस्पेन्शन लिफ्ट किट म्हणजे मोटारीची चॅसी (खालचा सांगाडा) आणि बॉडी चाकांच्या आसांपासून मुळातल्यापेक्षा अधिक उंचीवर राहावी, यासाठी बसवला जाणारा सुट्या भागांचा जुळवलेला संच होय. त्यात स्प्रिंगा किंवा पाटे (पट्ट्यांच्या कमानदार स्प्रिंगा), शॉक ॲब्झॉर्बर आणि बंपस्टॉप (सस्पेन्शन पूर्ण दबताना आपटू न देणारे ठोकळे) हे मुख्य भाग असतात. उंची वाढल्याने बिघडलेली चाकांची व स्टिअरिंगची भूमिती सुधारणारे आर्म, बुश (जोडातली रबरी अस्तरे), रॉड आणि ब्रॅकेट हे त्याचे दुसरे, आणि बहुतेक वेळा दुर्लक्षित राहणारे अंग होय. चॅसी आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे घालून केलेली ‘बॉडी लिफ्ट’ ही यापासून वेगळी आहे. तिच्यामुळे चाकाभोवती मोठ्या टायरसाठी जागा होते, परंतु चॅसी, गिअरबॉक्स आणि इंधनटाकीचा तळ जिथल्या तिथेच राहतो.

बाजारात किट इंचांवर विकले जाते आणि खरेदीदारही ‘दोन इंची’ की ‘चार इंची’ असाच प्रश्न विचारतो. वास्तविक इंच हे निवडीचे उत्तर असते, आरंभ नव्हे. कोणता टायर घालायचा, गाडीवर कायमचे किती वजन राहणार आणि ती कोणत्या जमिनीवर चालणार, हे ठरल्यावर लागणारी उंची आपोआप निघते, आणि ती बहुधा मनात धरलेल्या आकड्यापेक्षा कमी असते.

काय वाढते आणि काय नाही

लिफ्टबाबतचा सर्वांत रूढ गैरसमज असा की, तिच्यामुळे गाडीचा सर्वांत खालचा भाग उंच होतो. ज्या गाडीत दोन्ही चाके एकाच अखंड हाउसिंगने जोडलेली असतात, तिचा सर्वांत खालचा भाग म्हणजे डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना गती वाटून देणाऱ्या गिअरसंचाचा) गोळा. आणि तो स्प्रिंगच्या खाली, चाकांच्या बरोबर असतो. स्प्रिंग कितीही उंच बसवली तरी तो तसूभरही वर जात नाही. तो वर उचलण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे मोठा टायर, आणि तिथेही टायरचा व्यास जितका वाढेल त्याच्या निम्मीच वाढ पदरात पडते. मारुती सुझुकी जिमनीच्या १९५/८० आर १५ या मूळ टायरचा व्यास सुमारे ६९३ मिमी आहे. त्याऐवजी २३५/७५ आर १५ बसवला तर तो ७३३ मिमीच्या आसपास जातो, म्हणजे डिफरन्शियलखाली २० मिमी मिळतात. काळ्या मातीच्या शिवारात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्यांतून जाताना मधल्या उंचवट्यावर अडकतो तो हाच गोळा. म्हणून अशा भागात नुसत्या स्प्रिंगांवर केलेला खर्च जवळपास वाया जातो.

लिफ्टने खरोखर वाढतात ते कोन. समोरच्या चढाला बंपर न टेकता भिडता येते तो अप्रोच अँगल, उताराच्या शेवटी मागचा भाग न घासता निघता येते तो डिपार्चर अँगल, आणि गाडीचे पोट न टेकता उंचवटा ओलांडता येतो तो ब्रेकओव्हर अँगल. यांपैकी तिसरा व्हीलबेसवर (पुढच्या व मागच्या आसांमधील अंतरावर) फार अवलंबून असतो. जिमनीच्या तीन-दारी आणि पाच-दारी या दोन्ही रूपांचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून सर्वांत खालच्या भागाची उंची) २१० मिमीच आहे. मात्र व्हीलबेस २,२५० वरून २,५९० मिमी झाल्याने ब्रेकओव्हर अँगल २८ अंशांवरून २४ वर आला. कोकणातल्या जांभ्या कातळाच्या पायऱ्यांवर किंवा ओढ्याच्या काठावर पोट टेकण्याची जी तक्रार असते, तिच्यावर लिफ्टचा उपाय लागू पडतो तो याच कारणाने.

याची किंमत स्थैर्यात मोजावी लागते. दोन चाकांमधील अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागले की स्थिर अवस्थेतील स्थैर्याचे ढोबळ माप मिळते. समजा, हे अंतर १,४०० मिमी आणि गुरुत्वमध्य ७०० मिमी उंचीवर आहे. तर भागाकार १ येतो आणि गाडी आडव्या उतारावर ४५ अंशांना कलंडण्याच्या सीमेवर पोहोचते. गुरुत्वमध्य ५० मिमीने चढला की तीच सीमा ४३ अंशांवर येते. प्रत्यक्षात आस आणि चाके उचलली जात नसल्याने गुरुत्वमध्य लिफ्टपेक्षा थोडा कमीच चढतो. पण स्प्रिंगा दबणे आणि टायर वाकणे यांमुळे गाडी या कागदी कोनाच्या पुष्कळ आधी कलंडते. घाटातल्या वळणावर लिफ्ट केलेली गाडी जास्त झुकते, हा याचाच रोजचा अनुभव.

सस्पेन्शनच्या रचनेनुसार निवड

एकाच उंचीचे किट निरनिराळ्या रचनेच्या गाड्यांत निरनिराळे प्रश्न उभे करते, त्यामुळे आपल्या गाडीखाली काय आहे हे आधी वाकून पाहणे आवश्यक ठरते.

पाट्यांवरची गाडी. मारुती जिप्सी ही १९८५ पासून तीन दशकांहून अधिक काळ भारतात तयार झाली आणि तिच्या पुढे-मागे दोन्हीकडे पाटेच होते. २०१० साली आलेल्या महिंद्रा थारच्या मागच्या बाजूलाही ते होते. इथे उंची मिळवण्याचे मार्ग अनेक आणि बहुतेक स्वस्त आहेत. जास्त कमान असलेले नवे पाटे घेणे हा त्यांतला सरळ मार्ग. जुन्या पाट्यांत एक जादा पाटा घालणे स्वस्त पडते, पण गाडी कडक होते आणि चाकांची खाली-वर लवचिकता, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप असतो, तीच कमी होते. पाट्याचे टोक चॅसीला जोडणारे शॅकल लांब बसवले तर जेवढी लांबी वाढते तिच्या निम्मी उंची मिळते. परंतु पुढच्या पाट्याचे शॅकल पुढच्या टोकाला असेल तर आस पुढे फिरतो, कॅस्टर (चाक ज्या रेषेभोवती वळते तिचा मागे कललेला कोन) घटतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ व्हायचे थांबते. हाउसिंग आणि पाटे यांच्यामध्ये ठोकळा घालण्याची पद्धत मागच्या आसापुरती चालते. पुढच्या आसावर ती करू नये, कारण ब्रेक मारताना त्या जोडावर येणारा पीळ धोकादायक असतो. पाटे हाउसिंगच्या खालून काढून वर बसवले तर एकदम चार-पाच इंच मिळतात आणि म्हणून जिप्सीधारकांत ही पद्धत लोकप्रिय आहे. पण त्यासाठी हाउसिंगवर नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात, त्यांचा कोन चुकला की आसाला गती पोहोचवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (जोड) वारंवार जातात, आणि पहिल्या गिअरमध्ये जोर लावताच पाटे इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे पिळवटतात. हे काम स्पर्धेच्या गाडीसाठी ठीक आहे. रोजच्या वापराच्या गाडीला ते मानवत नाही.

कॉइल स्प्रिंग आणि अखंड आस. जिमनी या प्रकारात मोडते. इथे स्प्रिंग बदलणे हे सर्वांत सोपे काम, आणि म्हणूनच अर्धवट किटांचा सुळसुळाटही याच वर्गात आहे. पुढचा आस मागे चॅसीला टेकलेल्या लांब आर्मनी धरलेला असतो. चॅसी वर गेली की आर्मचे मागचे टोक वर जाते आणि आस पुढच्या बाजूला फिरतो. आर्म ७०० मिमी लांब धरला तर ५० मिमीच्या लिफ्टने कॅस्टर सुमारे ४ अंशांनी घटतो, आणि मुळात तो असतोच थोड्या अंशांचा. परिणामी हायवेवर गाडी भरकटल्यासारखी वाटते, आणि पुढच्या आसाचे बुश किंवा टाय रॉडचे जोड झिजलेले असतील तर एखाद्या खड्ड्यानंतर स्टिअरिंग जोरात थरथरू लागते. त्यावर मध्यापासून सरकवलेले छिद्र असलेले कॅस्टर बुश, नवे ब्रॅकेट किंवा वेगळ्या आकाराचे आर्म हे उपाय आहेत. दुसरा प्रश्न पॅनहार्ड रॉडचा. हा रॉड एका बाजूला चॅसीला आणि दुसऱ्या बाजूला आसाला बांधलेला असतो. उंची वाढली की तो अधिक तिरपा होतो आणि आसाला बाजूला ओढतो. ९०० मिमी लांबीच्या रॉडच्या टोकांत आधी ५० मिमीचा आणि लिफ्टनंतर १०० मिमीचा फरक पडला, तर आस सुमारे ४ मिमी सरकतो. हा आकडा क्षुल्लक वाटला तरी पुढचा आस एका बाजूला आणि मागचा दुसऱ्या बाजूला सरकल्यास गाडी तिरकी धावते. लांबी कमीजास्त करता येणारा पॅनहार्ड रॉड दोन इंचांच्या किटमध्ये असावाच. तो नसेल तर त्या संचाला किट म्हणण्यापेक्षा स्प्रिंगांचा जोड म्हणणे योग्य.

पुढे स्वतंत्र सस्पेन्शन. महिंद्राच्या नाशिक येथील कारखान्यात तयार होणाऱ्या २०२० च्या थारला पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला स्वतंत्र वरचा व खालचा आर्म) आणि मागे कॉइलवर अखंड आस आहे. या रचनेत पुढची उंची वाढवण्यास मर्यादा लवकर येते, कारण चाकाला गती देणारे शाफ्ट ठरावीक कोनापर्यंतच सुरक्षित वाकतात. शॉकच्या डोक्यावर बसवायचा स्पेसर स्वस्त असतो, पण शॉक आर्मच्या मध्यावर टेकलेला असल्याने स्पेसरच्या जाडीपेक्षा चाकापाशी मिळणारी उंची बरीच जास्त असते, कधी दुप्पटही. अशा गाडीचे चाक हवेत लोंबकळले की वरचा बॉल जॉइंट आणि शाफ्टचा रबरी बूट यांवर ताण येतो, बूट फाटतो, ग्रीस बाहेर पडते आणि पावसाळ्यातला चिखल आत शिरला की जॉइंट टिकत नाही. कोन सुधारलेला वरचा आर्म आणि डिफरन्शियल थोडा खाली उतरवणारे ब्रॅकेट असल्याखेरीज या वर्गात दीड-दोन इंचांपुढे जाऊ नये. आणखी एक बाब अशी की, स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये पुढचा डिफरन्शियल चॅसीला बांधलेला असल्याने तो लिफ्टबरोबर वर जातो. मागचा मात्र जिथे आहे तिथेच राहतो.

स्प्रिंगचा कडकपणा आणि शॉक

एकाच उंचीची स्प्रिंग हलक्या, मध्यम आणि जड भारासाठी वेगवेगळ्या कडकपणात मिळते, आणि इथे ग्राहक सर्वाधिक फसतो. लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारे यंत्र) मिळून गाडीच्या नाकावर सहज ८० ते १०० किलो चढतात. एका पुढच्या स्प्रिंगचा कडकपणा चाकापाशी मिलिमीटरला २५ न्यूटन असेल, तर १०० किलो वजन दोन्ही बाजूंना वाटले जाऊन नाक सुमारे २० मिमी बसते. म्हणजे ५० मिमीच्या लिफ्टमधले दोन पंचमांश तिथेच संपले. उलट, नंतर कधीतरी बंपर घेऊ अशा विचाराने जड स्प्रिंग आधीच बसवली तर रिकामी गाडी लाकडी बैलगाडीसारखी आपटते आणि उंचीही सांगितल्यापेक्षा जास्त येते. म्हणून सध्या गाडीवर कायम जे वजन आहे तेच धरून स्प्रिंग घ्यावी. शनिवार-रविवारच्या सामानाचा हिशेब त्यात नको.

शॉक ॲब्झॉर्बर स्प्रिंगला जुळणारा असावा. मूळ लांबीचा शॉक ठेवला तर उंचावलेली गाडी त्याच्या प्रवासाचा खालचा भाग आधीच वापरून टाकते. चाक खड्ड्यात उतरण्याऐवजी शॉक ताणून अडतो. लांब शॉक घेतला तर दाबताना तो तळाला आपटू नये म्हणून बंपस्टॉपही तितकेच वाढवावे लागतात. ट्विन-ट्यूब (दुहेरी नळीचा) शॉक स्वस्त आणि मऊ असतो. मोनोट्यूब (एकाच नळीचा) उष्णता लवकर सोडतो, पण त्याच्या बाहेरच्या नळीला दगडाने पोचा आला की पिस्टन अडकतो. जास्त तेलाची वेगळी टाकी असलेले महागडे शॉक तासन्‌तास वेगाने खडबडीत रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांसाठी असतात. सह्याद्रीत पावसाळी वाटांवर गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच चालते, तिथे शॉकचे तेल तापण्याची वेळ क्वचितच येते. एआरबी या ऑस्ट्रेलियन कंपनीचे ‘ओल्ड मॅन ईमू’सारखे ब्रँड स्प्रिंग आणि शॉक भारानुसार जोडूनच विकतात, ते याच कारणाने.

बसवल्यानंतरची तपासणी

उंची मोजताना जमिनीपासून मोजू नये, कारण टायरमधल्या हवेने आकडा बदलतो. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंना किट बसवण्यापूर्वी आणि नंतर नोंदवावे. नव्या स्प्रिंगा पहिल्या काही शे किलोमीटरांत थोड्या बसतात, त्यामुळे अलाइनमेंट त्यानंतर पुन्हा करावे लागते. रबरी बुश असलेल्या आर्मचे बोल्ट गाडी गॅरेजच्या उचलयंत्रावर लटकत असताना घट्ट आवळणे ही गॅरेजमधली सर्रास आढळणारी घाई आहे. तसे केल्यास गाडी चाकांवर उतरताच बुश कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहतात आणि काही महिन्यांत फाटतात. ते गाडी स्वतःच्या चाकांवर उभी करूनच आवळावेत. चॅसीला जॅक लावून चाक पूर्ण खाली लोंबकळू द्यावे आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून ब्रेकचा होज ताणला जातो का, हे हाताने चाचपून पाहावे. ज्या गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार बदलणारा व्हॉल्व्ह असतो, त्यांत लिफ्टनंतर त्याचा दांडा पुन्हा जुळवला नाही तर व्हॉल्व्हला गाडी कायम रिकामीच वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. हेडलाइट खाली वळवणे हे पाच मिनिटांचे काम राहून गेले तर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत झोत जातो. टायरही बदलले असल्यास स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो. वर दिलेल्या जिमनीच्या उदाहरणात काट्यावर ८० असताना प्रत्यक्ष वेग ८४ ते ८५ असतो. कॅमेरा किंवा रडारवर चालणारी सुरक्षा यंत्रणा असलेल्या गाड्यांत तिचे पुन्हा कॅलिब्रेशन करावे लागते.

कायदेशीर बाजू

ऑस्ट्रेलियातील अनेक राज्यांत ठरावीक मर्यादेपर्यंतची लिफ्ट प्रमाणपत्राविना चालते आणि त्यापुढे अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी लागते. भारतात अशी उंचीनिहाय सवलत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या वैशिष्ट्यांशी विसंगत होतील असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात या तरतुदीचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अपघातानंतर विमा कंपनी दाव्यावर आक्षेप घेऊ शकते आणि संबंधित भागांची वॉरंटीही अडचणीत येते. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात भरणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांसाठी मुळापासून बदललेल्या गाड्या ट्रकवर किंवा ट्रेलरवर लादून नेणे हाच मार्ग त्यामुळे शहाणपणाचा ठरतो. रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी मात्र किट विकत घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी.