सांकलिया, हसमुख धीरजलाल

(१० डिसेंबर १९०८–२८ जानेवारी १९८९). भारतीय पुरातत्त्वज्ञ. दख्खनच्या प्रागितिहासाचे (लिखित नोंदींपूर्वीच्या काळाचे) संशोधक आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील पुरातत्त्व विभागाचे शिल्पकार. त्यांचा जन्म मुंबईत एका गुजराती कुटुंबात झाला. सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला आणि फादर हेन्री हेरास यांच्या मार्गदर्शनाखाली नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला. तो १९३४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. पुढे गुजरातच्या पुरातत्त्वावरील प्रबंधासाठी लंडन विद्यापीठाने त्यांना १९३६ मध्ये डॉक्टरेट दिली. इंग्लंडमधील वास्तव्यात मेडन कासल येथील ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांच्या उत्खननात काम करून त्यांनी थरांनुसार खोदण्याची शिस्त आत्मसात केली. ग्रंथ, शिलालेख आणि मंदिरे यांत रमलेल्या या अभ्यासकाला पुढच्या आयुष्यात मातीचे थर वाचायचे होते. त्या दृष्टीने हा अनुभव मोलाचा ठरला.

डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले, तेव्हा सांकलिया तेथे प्राध्यापक म्हणून रुजू झाले आणि १९७३ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. संस्थेचे संचालकपदही त्यांनी सांभाळले. त्या काळी उत्खनन हे प्रामुख्याने सरकारी खात्याचे काम समजले जाई. सांकलियांनी ते विद्यापीठीय अध्यापनाचा भाग केले, आणि त्यांच्या कार्यात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची म्हणावी लागते. नदीकाठच्या दरडी तपासणे, गावोगावची पांढरीची (जुन्या वस्त्यांच्या मातीची) टेकाडे हिंडून खापरे गोळा करणे, त्यांचे वर्गीकरण करणे आणि उत्खननाचा अहवाल वेळेवर छापणे, या साऱ्या कामांत विद्यार्थी सहभागी असत. शां. भा. देव, बी. सुब्बाराव, झै. दा. अन्सारी, म. के. ढवळीकर, वि. ना. मिश्र हे त्या परंपरेतील अभ्यासक पुढे स्वतः नामवंत झाले. भूविज्ञान, प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि मानवशास्त्र यांची मदत घेतल्याखेरीज प्राचीन माणसाचे जीवन उलगडणार नाही, हा त्यांचा आग्रह होता. गुजरातमधील लांघणज येथे सूक्ष्मास्त्रांबरोबर (बारीक दगडी हत्यारांबरोबर) मानवी सांगाडे मिळाले, त्या मोहिमेत त्यांच्यासोबत मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे होत्या.

महाराष्ट्राच्या दृष्टीने त्यांचे प्रवराकाठचे काम पायाभूत ठरले. सातवाहनांच्या आधी येथे कोण राहत होते, या प्रश्नाला तोवर समाधानकारक उत्तर नव्हते. १९५०-५१ मध्ये नाशिक येथे आणि संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे झालेल्या उत्खननांतून ताम्रपाषाणयुगीन (तांबे व दगड या दोहोंची हत्यारे वापरणाऱ्या) शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. तांबड्या पृष्ठभागावर काळ्या रंगात नक्षी काढलेली चाकावरची मडकी, कोनदार कडांचे वाडगे आणि तोटीची भांडी ही तिची ओळख. जोर्वे संस्कृती हे नाव या गावावरूनच पडले. त्यानंतर नेवासे येथील लाडमोड टेकाडावर १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन झाले. अश्मयुगापासून मध्ययुगापर्यंतचा क्रम या एका गावाच्या परिसरात हाती आला. घरांच्या जमिनीखाली दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली असत आणि त्यांत लहान मुलांचे दफन केलेले असे. एका मुलाच्या गळ्यातील तांब्याच्या मण्यांत ओवलेला धागाही टिकून राहिला होता, आणि तपासणीत त्यात सूत व रेशीम आढळले. नेवाशाजवळच्या प्रवरेच्या वाळू-गोट्यांच्या थरांत मिळालेल्या तासण्या आणि टोचे या दगडी हत्यारांमुळे मध्य पुराणाश्मयुगाला (जुन्या अश्मयुगाच्या मधल्या टप्प्याला) भारतात स्वतंत्र स्थान मिळाले.

नर्मदाकाठचे महेश्वर व नावडातोली, उदयपूरजवळचे आहाड, द्वारका येथेही त्यांनी उत्खनने केली अथवा करवून घेतली. १९६९ मध्ये काश्मीरमधील पहलगाम येथे त्यांना पुराणाश्मयुगीन हत्यारे मिळाली. शिरूर तालुक्यातील घोड नदीकाठच्या इनामगाव येथे १९६८ मध्ये सुरू झालेले उत्खनन बारा हंगाम चालले आणि शंभराहून अधिक घरांचे अवशेष, पुराला अटकाव करणारा बांध व पाण्याचा पाट असे एक अख्खे खेडेच त्यातून समोर आले. ढवळीकर आणि अन्सारी यांच्यासह लिहिलेला त्याचा अहवाल १९८८ मध्ये निघाला.

भारत व पाकिस्तान यांच्या प्रागितिहासावरचा त्यांचा बृहद्ग्रंथ (दुसरी आवृत्ती १९७४) दीर्घकाळ अभ्यासकांच्या हाताशी राहिला. १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला. रामायणातील लंका सिंहलद्वीपात नसून मध्य भारतात शोधावी, हे त्यांचे मत वादग्रस्त ठरले. नावडातोलीच्या तोटीच्या भांड्यांचे इराणमधील भांड्यांशी साम्य पाहून तेथील लोकांचे मूळ त्यांनी पश्चिमेकडे शोधले. आता मात्र स्थानिक विकासाला अधिक महत्त्व दिले जाते.