लीजचा हप्ता आणि जुनी गाडी: मागची गोष्ट

गाड्या लीजवर, म्हणजे विकत न घेता ठरावीक काळ हप्ता भरून वापरायला घेण्याची पद्धत अमेरिकेत आधी कंपन्यांच्या ताफ्यांपुरती होती. ती घरोघरी पोचायला करातला एक बदल मोठा कारणीभूत ठरला. १९८६ च्या करसुधारणेने गाडीच्या कर्जावरच्या व्याजाची वजावट टप्प्याटप्प्याने काढून घेतली, आणि लीजचा कमी हप्ता लोकांच्या डोळ्यांत भरू लागला.

हप्ता कमी, कारण त्यात फक्त घसारा, म्हणजे वापरात उतरणारी किंमत, आणि व्याज. ३०,००० डॉलरची गाडी तीन वर्षांनी १८,००० ची उरेल असे करारात लिहिले, तर घसाऱ्याचे १२,००० भागिले ३६, म्हणजे महिना ३३३. व्याज मात्र व्याज म्हणून सांगत नाहीत. तिथे ‘मनी फॅक्टर’ येतो, समजा ०.००२५. एवढासा आकडा पाहून कोण घाबरणार? त्याला २४०० ने गुणले की ६ टक्के निघतात. २४०० मध्ये वर्षाचे १२ महिने, टक्क्यांचे १००, आणि उरलेला २ यासाठी की ०.००२५ ने गुणतात ती सुरुवातीची आणि शेवटची किंमत यांची बेरीज, म्हणजे सरासरी थकबाकीच्या दुप्पट रक्कम. इथे ती ४८,०००. म्हणून महिना आणखी १२०. १९९८ पासून गाडीची धरलेली किंमत आणि व्याजापोटीची एकूण रक्कम करारात दाखवणे सक्तीचे झाले, पण वार्षिक दर दाखवण्याची सक्ती तेव्हाही केली नाही. ती का केली नाही, याची कारणे दिली गेली. मला ती पटलेली नाहीत.

ते १८,००० मात्र निव्वळ अंदाज. २००८ मध्ये पेट्रोल भडकले, मोठ्या एसयूव्हींचे भाव कोसळले, आणि अंदाज चुकलेल्या कंपन्यांनी लीज आखडते घेतले. २०२१ मध्ये चिपच्या टंचाईने उलटे झाले: नव्या गाड्या कमी पडल्या, जुन्यांचे भाव चढले, करारातली किंमत बाजारभावाच्या खाली राहिली, आणि गाडी परत देण्याऐवजी करारातल्या किमतीला विकत घेणारे फायद्यात राहिले.

एव्हाना जुनी गाडीही पूर्वीची राहिली नव्हती, ती जास्त टिकू लागली होती. एकेकाळी बऱ्याच गाड्यांचा मीटर पाच आकडी असे; ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. पुढे गंज रोखणारा, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आला, हवेत पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर गेला, आणि १९९६ पासून तिथल्या प्रत्येक नव्या कारमध्ये डॅशबोर्डखाली निदानाचा एकसारखा सॉकेट आला. रीडर खोचला की बिघाडाचा कोड समोर. १९७० च्या सुमारास रस्त्यावरच्या गाडीचे सरासरी वय सहा वर्षांच्या आत होते, आता ते बारांच्या पुढे आहे.

लीजला अलीकडचा टेकू मिळाला विजेच्या गाड्यांमुळे. विकत घेतलेल्या गाडीला ७,५०० डॉलरच्या करसवलतीसाठी बॅटरीच्या उगमापासून ग्राहकाच्या उत्पन्नापर्यंत अटी होत्या. लीजवरची गाडी कागदोपत्री ‘व्यावसायिक’ ठरत असल्याने त्या अटी तिला लागू नव्हत्या. ही सवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली. तिच्या भरात तीन वर्षांसाठी दिलेल्या गाड्यांची परत येण्याची वेळ २०२६ पासून येते, जुन्या अंदाजाचा आकडा करारात घेऊन.