एक्स्चेंजला दिलेला फोन रिसायकल होतो का?

नवा फोन घेताना जुना एक्स्चेंजला लावला, किमतीत दोन-चार हजार सुटले, की "जुना रिसायकलला गेला" असं आपण म्हणून मोकळे होतो. तो बहुतेक वेळा गेलेला नसतो. एक्स्चेंजमधला चालू फोन तपासून, लागली तर बॅटरी किंवा स्क्रीन बदलून, साफसूफ करून पुन्हा विकला जातो. हे झालं रिफर्बिशिंग. रिसायकलिंगमध्ये फोन फोन म्हणून उरतच नाही. बॅटरी वेगळी काढतात, बोर्डाचा चुरा करतात आणि त्यातून तांबं, सोनं, चांदी मिळवतात.

सरकारी नियमही दोन्ही कामं वेगळी धरतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार रिफर्बिशर आणि रिसायकलर यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे वेगवेगळी नोंदणी करावी लागते. फोन रिफर्बिश झाला तर तो बनवणाऱ्या कंपनीची कचऱ्याची जबाबदारी नुसती पुढे ढकलली जाते, संपत नाही. बरोबरच आहे, कधीतरी तो मोडीत निघणारच.

माझं मत विचाराल तर चालू फोन थेट रिसायकलला देणं हा तोटाच आहे. फोनमुळे होणाऱ्या कर्बउत्सर्जनाचा मोठा हिस्सा तो बनवतानाच होऊन गेलेला असतो. आणि परत मिळतं किती? टोकियो ऑलिंपिकची पदकं जुन्या उपकरणांतून बनवली, तेव्हा सुमारे ६२ लाख फोन आणि त्यांच्या जोडीला हजारो टन इतर छोटी उपकरणं मिळून सोनं निघालं ३२ किलो.

पण एक्स्चेंजचा फोन परक्या हातात चालू होणार, म्हणून तयारी जास्त लागते. आधी सेटिंगमधून गूगल किंवा ॲपल खातं काढा, मग फॅक्टरी रिसेट. रिकव्हरी मेनूमधून परस्पर रिसेट मारला तर डेटा जातो, कुलूप मात्र राहतं. पुढचा माणूस फोन सुरू करतो तर तो तुमचाच पासवर्ड मागतो, आणि चांगला फोन सुट्या भागांच्या भावात जातो. *#०६# डायल करून आयएमईआय नंबर, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, लिहून ठेवा, पावतीवर तोच आहे ना ते बघा. उद्या त्या फोनवरून काही भानगड झाली तर ती पावतीच कामाला येईल.

बॅटरी फुगली असेल तर मात्र एक्स्चेंजचा विचारच नको. मागचं झाकण उचललेलं, स्क्रीनच्या कडेला नख जाईल एवढी फट, टेबलावर ठेवला की फोन डुगडुगतो. असा फोन चार्जिंगला लावू नका, दाबू नका, कुरिअरने तर मुळीच पाठवू नका. ई-कचऱ्याच्या संकलन केंद्रावर स्वतः नेऊन द्या आणि बॅटरी फुगलीय हे तोंडाने सांगा.

भंगारवाल्याला दिलेला फोन रिफर्बिशिंग किंवा रिसायकलिंग, दोन्हींत धरता येत नाही. तो बिचारा फक्त गोळा करतो. पण पुढे माल दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत पोचला, तर तिथे बोर्ड तापवून चिप सोडवतात आणि ॲसिडमध्ये बुडवून धातू काढतात, तेही बहुधा उघड्या हातांनी. बंद पडलेल्या फोनचे भंगारवाला शे-दोनशे देईल, संकलन केंद्र कदाचित काहीच देणार नाही. तरीही केंद्रच बरं. माल पुढे कोणत्या नोंदणीकृत रिसायकलरकडे जातो, एवढं तिथे विचारून घ्या.