होस्टिंग कंट्रोल पॅनेलमधील रिव्हर्स प्रॉक्सी

वेबसाइटकडे आलेली विनंती एका सर्व्हरने स्वीकारायची, ती मागे चालणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरकडे पोचवायची आणि त्याचे उत्तर आपणच दिल्यासारखे ब्राउझरला परत करायचे, या व्यवस्थेला रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात. साधा प्रॉक्सी ब्राउझरच्या बाजूचा असतो. त्याच्या आड अनेक वापरकर्ते झाकले जातात. रिव्हर्स प्रॉक्सीच्या आड सर्व्हर झाकले जातात. मराठीत याला रूढ प्रतिशब्द नाही, ‘प्रॉक्सी लावणे’ असेच सगळे म्हणतात.

सीपॅनेल, प्लेस्क, डायरेक्टअ‍ॅडमिन, व्हर्च्युअलमिन यांसारखी कंट्रोल पॅनेल, म्हणजे सर्व्हर ब्राउझरमधून सांभाळण्याची सॉफ्टवेअर, पीएचपी ही भाषा आणि अपाची हा वेब सर्व्हर यांच्या काळात वाढली. फोल्डरमध्ये फाइली टाकल्या की साइट सुरू, हे त्यांचे मूळ गृहीत. २००९ मध्ये आलेल्या नोड.जेएसवर किंवा पायथन, जावा, गो या भाषांत लिहिलेल्या अ‍ॅपचा प्रकार वेगळा असतो. ते स्वतःच एक सर्व्हर असते आणि ३०००, ८००० किंवा ८०८० अशा एखाद्या पोर्टवर (सर्व्हरच्या क्रमांकित दारावर) ऐकत बसते. ब्राउझर मात्र, पत्त्यात पोर्ट लिहिले नसेल तर, ८० आणि ४४३ याच पोर्टवर येतो. लिनक्समध्ये १०२४ च्या खालचे पोर्ट साध्या वापरकर्त्याला सहसा उघडता येत नाहीत, आणि एका आयपी पत्त्यावरच्या ४४३ मागे दहा डोमेन नांदत असतात. म्हणून पुढचा वेब सर्व्हर डोमेनचे नाव पाहून विनंती योग्य त्या पोर्टकडे वळवतो. सुरक्षित (एचटीटीपीएस) जोडणीसाठी लागणारे टीएलएस प्रमाणपत्रही त्याच्याचकडे असते, त्यामुळे अ‍ॅपला त्याची काळजी करावी लागत नाही.

पॅनेलमध्ये रिव्हर्स प्रॉक्सी पुष्कळदा आधीपासूनच असतो, फक्त तो कोणी पाहिलेला नसतो. इगोर सिसोएव्ह यांनी २००४ मध्ये एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर खुला केला, तो एकाच वेळी हजारो जोडण्या सांभाळता याव्यात म्हणून. पॅनेलवाल्यांनी तो अपाचीला हटवण्याऐवजी त्याच्या पुढे बसवला: चित्रे आणि सीएसएस (पानाच्या मांडणीच्या फाइली) एन्जिनएक्सने द्यायचे, पीएचपीचे काम अपाचीकडे सरकवायचे. प्लेस्कने ही रचना २०१२ च्या अकराव्या आवृत्तीत आणली. तिथे अपाची ७०८० आणि ७०८१ या पोर्टवर मागे सरकतो. हेस्टिया या पॅनेलमध्ये तेच काम ८०८० आणि ८४४३ वर होते. परिणामी ८०८० वर स्वतःचे अ‍ॅप चालवू पाहणाऱ्याला तिथे अपाची आधीच ठाण मांडून बसलेला आढळतो.

मोकळ्या सर्व्हरवर प्रॉक्सी लावणे हे दोन ओळींचे काम आहे: अपाचीत ‘प्रॉक्सीपास’ आणि ‘प्रॉक्सीपासरिव्हर्स’, एन्जिनएक्समध्ये ‘लोकेशन’च्या आत ‘प्रॉक्सी_पास’. पॅनेल असले की अडचण ओळींची नसते, फाइल कोणाची हा प्रश्न असतो. डोमेनची कॉन्फिगरेशन फाइल पॅनेल स्वतःच्या साच्यातून तयार करते आणि उपडोमेन जोडले, पीएचपीची आवृत्ती बदलली किंवा प्रमाणपत्राचे नूतनीकरण झाले की पुन्हा लिहून काढते. हाताने घातलेल्या ओळी तेव्हा पुसल्या जातात. हे त्याच दिवशी घडले असते तर बरे. पण बहुधा काही आठवड्यांनी, कोणी काहीही केलेले नसताना साइट बंद पडते आणि मग शोध भलतीकडेच सुरू होतो.

म्हणून प्रत्येक पॅनेलने राखून ठेवलेली जागा वापरावी लागते. प्लेस्कमध्ये प्रत्येक डोमेनच्या ‘अपाची आणि एन्जिनएक्स सेटिंग्ज’ या पानावर जादा सूचनांचे रकाने असतात. तिथे मूळ पत्त्यासाठी ‘लोकेशन’ लिहिले की ते दोनदा आल्याची तक्रार एन्जिनएक्स करतो, कारण साच्यात ते आधीच असते. अशा वेळी त्याच पानावरचा ‘प्रॉक्सी मोड’ बंद करतात. सीपॅनेलमध्ये रूट (सर्वाधिकारी) वापरकर्ता ‘यूजरडेटा’ फोल्डरमध्ये इन्क्लूड फाइल (मुख्य कॉन्फिगरेशनमध्ये जोडली जाणारी) ठेवतो आणि मग कॉन्फिगरेशन नव्याने बांधतो. या फोल्डरात साध्या आणि सुरक्षित जोडणीचे कप्पे वेगळे आहेत. एकातच फाइल ठेवली तर एचटीटीपीवर अ‍ॅप दिसते आणि एचटीटीपीएसवर जुनेच पान. हेस्टियात साच्यांची जोडी वेगळ्या नावाने नकलून घेतात, कारण मूळ साचे अद्यतनात बदलले जातात. व्हर्च्युअलमिनमध्ये मार्ग आणि पत्ता भरण्याचा साधा फॉर्मच आहे. शेअर्ड होस्टिंगवरच्या (एकच सर्व्हर अनेकांत वाटून घेणाऱ्या) ग्राहकाकडे यातले काही नसते. ‘प्रॉक्सीपास’ फोल्डरपुरत्या सूचना ठेवणाऱ्या डॉट-एचटीअ‍ॅक्सेसमध्ये चालत नाही. होस्टने प्रॉक्सी मॉड्यूल सुरू ठेवले असेल तर तिथल्या रीराइट (पत्ता बदलणाऱ्या) नियमाला ‘पी’ हा ध्वज लावून काम भागते.

सर्वांत जास्त वेळ खाणारी वस्तू म्हणजे एक तिरकी रेघ. एन्जिनएक्समध्ये ‘/दुकान/’ हा मार्ग ३००० पोर्टकडे वळवताना पत्त्याच्या शेवटी रेघ दिली, तर अ‍ॅपला ‘/दुकान/’ हा भाग कापलेला मार्ग मिळतो. नाही दिली तर पूर्ण मार्ग तसाच पोचतो. आपण कोणत्या मार्गाखाली राहतो हे अ‍ॅपला ठाऊक आहे की नाही, त्यावर योग्य काय ते ठरते. ठाऊक नसेल तर पहिले पान उघडते आणि चित्रे, दुवे मात्र तुटतात. या फंदात पडण्यापेक्षा अ‍ॅपला स्वतंत्र उपडोमेन देणे केव्हाही सोपे.

मध्ये प्रॉक्सी आला की अ‍ॅपला प्रत्येक पाहुणा १२७.०.०.१ वरून, म्हणजे त्याच सर्व्हरवरून, आलेला दिसतो. नोंदवही (लॉग) निरुपयोगी होते आणि चुकीच्या पासवर्डांवरून पत्ते अडवणारी यंत्रणा प्रॉक्सीलाच अडवून बसते. यावर खरा पत्ता ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ या शीर्षकात (विनंतीसोबत जाणाऱ्या हेडरमध्ये) पाठवतात. २०१४ च्या आरएफसी ७२३९ या इंटरनेट मानकाने ‘फॉरवर्डेड’ हे प्रमाणित शीर्षक दिले, पण जुन्याचाच वापर टिकून आहे. हे शीर्षक कोणीही खोटे लिहून पाठवू शकतो, तेव्हा अ‍ॅपने ते फक्त आपल्या प्रॉक्सीकडून आले तरच खरे मानायचे. मूळ जोडणी सुरक्षित होती हे ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ सांगते. ते नसेल तर अ‍ॅप प्रत्येक वेळी एचटीटीपीएसकडे पाठवते, प्रॉक्सी ते पुन्हा एचटीटीपीनेच आत आणतो आणि ब्राउझर अखेर ‘फार वेळा वळवले’ म्हणून हात टेकतो. वेबसॉकेटसाठी (दोन्ही बाजूंनी सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीसाठी) ‘अपग्रेड’ आणि ‘कनेक्शन’ ही शीर्षके मुद्दाम पुढे द्यावी लागतात, कारण ती एकाच टप्प्यापुरती असतात.

मागचे अ‍ॅप बंद असेल तर एन्जिनएक्स ५०२ हा त्रुटी-क्रमांक दाखवतो, अपाची बहुधा ५०३. अ‍ॅप चालू असून वेळेत उत्तर देत नसेल तर ५०४. एन्जिनएक्स उत्तराची वाट मुळात ६० सेकंद पाहतो आणि १ मेगाबाइटपेक्षा मोठी फाइल ४१३ देऊन परतवतो. पॅनेलचे साचे हे आकडे अनेकदा बदलतात. रेड हॅट घराण्यातील लिनक्स प्रणालींवर सगळे बरोबर असूनही जोडणी नाकारली जात असेल, तर एसईलिनक्स या सुरक्षा यंत्रणेने वेब सर्व्हरला नेटवर्क जोडणीची परवानगी दिली आहे का ते आधी पाहावे.

मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची पडताळणी सहसा ‘/.वेल-नोन/’खालच्या एका फाइलवर चालते. सगळा मार्ग अ‍ॅपकडे वळवला की ती विनंतीही तिकडेच जाते, अ‍ॅप ४०४ देते आणि ९० दिवसांचे प्रमाणपत्र नूतनीकरणाविना संपते. तेवढा मार्ग प्रॉक्सीतून वगळायचा असतो. अ‍ॅपनेही फक्त १२७.०.०.१ वर ऐकावे. सर्व पत्त्यांवर ऐकणारे अ‍ॅप पोर्ट लिहून थेट गाठता येते. सॉफ्टवेअर वेगळ्या बंदिस्त डब्यात चालवणाऱ्या डॉकरने उघडलेले पोर्ट तर यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या नियमांना वळसा घालून बाहेर दिसतात, त्यामुळे तिथे पोर्ट जोडतानाच पुढे १२७.०.०.१ लिहितात.