झेंड्यावर जायफळ असलेला देश

८ ऑगस्ट २०२४. पॅरिसमधली भालाफेकीची अंतिम फेरी संपली तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. अर्शद नदीमचे ९२.९७ मीटर आणि नीरज चोप्राचे ८९.४५ मीटर, हे दोन आकडे दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी होते. ८८.५४ मीटर भाला फेकून कांस्य जिंकलेल्या अँडरसन पीटर्सकडे मात्र फारसं लक्ष गेलं नाही. खरं तर तो आपल्या ओळखीचा गडी. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत नीरजला सुवर्ण आणि त्याला कांस्य मिळालं. २०२२ च्या जागतिक स्पर्धेत उलट झालं: त्याचं सुवर्ण, नीरजचं रौप्य.

पीटर्सचा देश ग्रेनाडा, कॅरिबियन समुद्रातला. क्षेत्रफळ ३४४ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षाही लहान, आणि वस्ती लाख-सव्वा लाख. झेंड्यावर डाव्या बाजूच्या हिरव्या त्रिकोणात एक उकललेलं जायफळ आहे. श्रीखंडात, पुरणात आपण जे किसून घालतो तेच.

क्रिकेटमुळे कॅरिबियनमधली ही बेटं आपल्याला 'वेस्ट इंडीज' म्हणूनच माहीत आहेत. ऑलिंपिकमध्येही एकदा तसा प्रयोग झाला होता. ब्रिटिशांच्या ताब्यातल्या इथल्या बेटांचं संघराज्य १९५८ मध्ये झालं आणि १९६० ला रोममध्ये त्याचा एकच संघ उतरला. त्यातले खेळाडू जमैका, त्रिनिदाद आणि बार्बाडोसचे होते. दोन कांस्यपदकं मिळाली, पण १९६२ मध्ये संघराज्यच मोडलं. क्रिकेटचा संघ तेवढा एकत्र राहिला, बाकी खेळांत प्रत्येकाचा झेंडा वेगळा झाला. ग्रेनाडा १९७४ मध्ये स्वतंत्र झाला. ऑक्टोबर १९८३ मध्ये तिथे अमेरिकेचं सैन्य उतरलं, आणि वर्षाच्या आतच ग्रेनाडाचे खेळाडू पहिल्या ऑलिंपिकसाठी गेले ते अमेरिकेतच, लॉस एंजेलिसला.

एवढ्याशा देशात पदकविजेते घडतात कसे, याचं उत्तर मला शाळांमध्ये दिसतं. माध्यमिक शाळांची 'इंटरकॉल' ही वार्षिक मैदानी स्पर्धा तिथे मोठ्या चुरशीने होते. तिथून निवडलेली मुलं ईस्टरच्या सुमारास 'कॅरिफ्टा'ला जातात. १९७२ मध्ये बार्बाडोसमध्ये सुरू झालेल्या या कुमारांच्या स्पर्धेत ग्रेनाडाच्या पोराला थेट जमैकाच्या पोराशेजारी धावावं लागतं. तिथे चमकलं की अमेरिकेतल्या विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळू शकते. घरी मोठी प्रबोधिनी उभारायची ऐपत नसलेल्या देशाला हा रस्ता फार मोलाचा ठरला.

धावपटू किरानी जेम्स याच रस्त्याने गेला. ग्वाव्ह हे त्याचं मासेमारीचं गाव. सप्टेंबर २००४ मध्ये आयव्हन चक्रीवादळ ग्रेनाडावर आदळलं तेव्हा तो नुकताच बारा वर्षांचा झाला होता. बहुतेक घरांची छपरं उडाली, जायफळीच्या बागा आडव्या झाल्या. जायफळीला फळ धरायला सात-आठ वर्षं लागतात, त्यामुळे मोडलेली बाग पुन्हा लावणं म्हणजे काय हे कोकणातल्या बागायतदाराला वेगळं सांगायला नको. त्या वादळाच्या दोनच आठवडे आधी अथेन्स ऑलिंपिकमध्ये ग्रेनाडाच्याच ॲलेन फ्रान्सिकचं ४०० मीटरचं पदक थोडक्यात हुकलं होतं. तो चौथा आला होता.

आठ वर्षांनी, ६ ऑगस्ट २०१२ ला लंडनमध्ये जेम्सने तीच शर्यत ४३.९४ सेकंदांत जिंकली. ग्रेनाडाचं ते पहिलं ऑलिंपिक पदक, आणि तेही सुवर्ण. ४४ सेकंदांच्या आत धावलेला तो पहिला बिगर-अमेरिकी धावपटू. मला मात्र आदल्या दिवशीची उपांत्य फेरी जास्त आठवते. कृत्रिम पायांवर धावणारा ऑस्कर पिस्टोरियस शेवटचा आला. शर्यत जिंकलेला एकोणीस वर्षांचा जेम्स वळला, त्याच्याकडे गेला आणि छातीवरची नावाची पट्टी काढून त्याच्याशी अदलाबदल केली. त्या क्षणी पिस्टोरियसबद्दल सगळ्या मैदानाला जे वाटत होतं, ते या पोराने एका कृतीत दाखवलं.

पुढे रिओत रौप्य. मग थायरॉइडचा ग्रेव्हज आजार, त्यातून सावरून टोकियोत कांस्य. ४०० मीटरमध्ये तिन्ही रंगांची ऑलिंपिक पदकं मिळवणारा तो पहिला पुरुष.

१ जुलै २०२४ ला बेरिल चक्रीवादळाने ग्रेनाडाचं कॅरियाकू बेट झोडपून काढलं. पॅरिसला जेमतेम महिना उरला होता. तिथे आधी लिंडन व्हिक्टरने डेकॅथलॉनमध्ये, म्हणजे दहा मैदानी प्रकारांच्या स्पर्धेत, कांस्य मिळवलं आणि पाचच दिवसांनी, नीरजच्या त्या रात्री, पीटर्सने दुसरं. एका ऑलिंपिकमध्ये दोन पदकं ग्रेनाडाने त्याआधी कधीच पाहिली नव्हती.