कंटेनर बदलणं वेगळं, व्हिडिओ पुन्हा एन्कोड करणं वेगळं

पेनड्राइव्ह काउंटरवर ठेवून गिऱ्हाईक म्हणतं, "भाऊ, हे कन्व्हर्ट करून द्या ना, टीव्हीवर चालूनच नाही रायलं." या कन्व्हर्टच्या पोटात दोन अगदी निराळी कामं असतात. एक दोन-चार मिनिटांत उरकतं आणि चित्राला धक्काही लागत नाही. दुसऱ्याला जुन्या पीसीवर तासन्‌तास लागतात आणि चित्राची थोडी तरी नासाडी होतेच. तरी बहुतेक जण सरसकट दुसरंच करतात, कारण फुकटच्या कन्व्हर्टरमधलं मोठं बटण त्याचंच असतं.

एमकेव्ही, एमपी४, एव्हीआय हे कंटेनर, म्हणजे नुसती पोती. आतला माल वेगळा: चित्र एच.२६४ किंवा एचईव्हीसीमध्ये, आवाज एएसी, एसी३ किंवा डीटीएसमध्ये (हे सगळे कोडेक, म्हणजे चित्र-आवाज दाबून भरायच्या पद्धती), आणि जोडीला सबटायटल. तूर या पोत्यातून त्या पोत्यात ओतली तर दाणा तोच राहतो. याला म्हणतात रीमक्स. तीच तूर मिलमध्ये नेली की चुरी पडणार आणि डाळीची परत तूर होणार नाही, ते एन्कोडिंग. फाइलच्या नावातलं एमकेव्ही खोडून एमपी४ लिहिणं हे मात्र दोन्हीपैकी काहीच नाही. ते पोत्यावरचं नाव रंगवणं झालं.

म्हणून आधी आत काय आहे ते पाहावं. व्हीएलसीच्या 'टूल्स'मध्ये 'कोडेक इन्फर्मेशन' असतं, किंवा फाइलच्या आतली माहिती दाखवणारं मीडियाइन्फो टाकून घ्या. चित्र एच.२६४ आणि आवाज एएसी दिसला, तर आजकालच्या टीव्हीसाठी आतल्या मालाला हात लावायचं काही कारण नाही. एमकेव्हीतून एमपी४मध्ये ओतलं की काम झालं. चित्र दहा बिटी (रंगांच्या जास्त छटा असलेलं) एचईव्हीसी असेल आणि टीव्ही जुना, तर मात्र एन्कोड करण्यावाचून इलाज नाही. एव्हीआयपलीकडे काही न ओळखणाऱ्या जुन्या डीव्हीडी प्लेअरचीही तीच गत.

सगळ्यात जास्त येणारी तक्रार मधलीच असते: चित्र दिसतं, आवाज नाही. बहुतेकदा आवाज डीटीएसमध्ये असतो आणि टीव्हीला डीटीएस येत नाही. इथे अख्खा पिक्चर एन्कोड करायला बसणं म्हणजे वीज आणि वेळ दोन्ही वाया. चित्र जसंच्या तसं कॉपी करायचं आणि फक्त आवाज एएसी किंवा एसी३मध्ये करायचा. दोन तासांच्या पिक्चरचा आवाज साध्या पीसीवरही काही मिनिटांत होतो. एफएफएमपेग या हुकूम टाइप करून चालवायच्या प्रोग्रामला चित्र, आवाज आणि सबटायटलसाठी वेगवेगळे हुकूम देता येतात. हँडब्रेक या फुकटच्या कन्व्हर्टरमध्ये हे जमत नाही. आवाज जसाच्या तसा ठेवता येतो, पण चित्र ते दरवेळी नव्यानं एन्कोड करतंच.

खरी गोची होते ती आवाज-सबटायटल गळून पडण्याची. समजा, वडसाकडच्या एखाद्या झाडीपट्टी नाटकाचं रात्रभर रेकॉर्डिंग केलंय. एका ट्रॅकवर मिक्सरमधून घेतलेले स्वच्छ संवाद, दुसऱ्यावर कॅमेऱ्याच्या माइकचा आवाज, म्हणजे शिट्ट्या, वन्समोअर, लहान पोरांचं रडणं. वर हैदराबादेत वाढलेल्या नातवंडांसाठी हिंदी सबटायटल. ही एमकेव्ही एफएफएमपेगला देऊन नुसतं 'एमपी४ कर' म्हटलं, तर ते दोनपैकी एकच आवाज उचलतं, आणि सबटायटल राहील याचा भरवसा नाही. सगळं हवं असेल तर 'मॅप ०' (-map 0, म्हणजे फाइलमधलं सगळं घे) असं स्पष्ट लिहावं लागतं. सोबत 'कॉपी' (-c copy) लिहिलं नाही, तर चित्रही विनाकारण एन्कोड व्हायला लागतं.

एवढं करूनही सबटायटलवर गाडी अडते. एमकेव्हीत साध्या मजकुराचं एसआरटी, सजवलेल्या मजकुराचं एएसएस, ब्लू-रेवरचे पीजीएस असं काहीही बसतं. एमपी४ला स्वतःचाच मजकुराचा प्रकार लागतो, त्याला एफएफएमपेगमध्ये 'मॉव्ह टेक्स्ट' (mov_text) म्हणतात. एसआरटी त्यात सहज बदलतं. एएसएसमधला मजकूर येतो, पण रंग, अक्षराची ठेवण, जागा हे सगळं जातं. पीजीएस तर मजकूरच नव्हे, ती चित्रं असतात. ती एमपी४मध्ये जात नाहीत. मग एक तर ती चित्रावर कायमची छापायची, म्हणजे पुन्हा एन्कोडिंग आलं, नाहीतर फाइल एमकेव्हीच ठेवायची. माझं मत विचाराल तर टीव्ही एमकेव्ही चालवत असेल तेव्हा एमपी४चा हट्ट धरूच नये.

देवनागरी सबटायटलचं दुखणं आणखी वेगळं. एसआरटी यूटीएफ-८ या युनिकोड पद्धतीत सेव्ह केलेलं पाहिजे. डीटीपीवाल्याकडून कृतिदेव या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून आणलेला मजकूर टीव्हीवर इंग्रजी अक्षरांचा कालवा दिसणार. आणि यूटीएफ-८ असूनही काही टीव्ही जोडाक्षरं फोडून दाखवतात किंवा नुसते चौकोन दाखवतात. तिथे कंटेनर कितीही बदला, फरक पडत नाही. अशा टीव्हीसाठी सबटायटल छापूनच द्यावं लागतं. चित्र पुन्हा एन्कोड करायला हे अगदी रास्त कारण आहे.

रेकॉर्डिंग ओबीएस या पीसीवरच्या रेकॉर्डिंग प्रोग्रामवर करत असाल तर सुरुवातच एमकेव्हीनं करा. साध्या एमपी४ची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवताना शेवटी लिहिली जाते. दुसऱ्या अंकात लाइट गेली आणि जनरेटर चालू होईस्तोवर पीसी बंद पडला, तर ती फाइल उघडतच नाही. एमकेव्ही मात्र लाइट जाईपर्यंतचं सगळं दाखवते. सकाळी ओबीएसच्याच 'फाइल' मेनूतून ती एमपी४मध्ये रीमक्स करता येते.

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल ते ॲप स्वतःच एन्कोड करून बारीक करतं. जशीच्या तशी पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून जोडा.

राहिला साइजचा प्रश्न. रीमक्स करून फाइल लहान होत नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाकावं. एफएटी३२मध्ये फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल बसत नाही. कॉपी होताना अडकते आणि लोकांना वाटतं फाइलच खराब आहे. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला की ती बसते. टीव्हीला एक्सफॅट ओळखता येत नसेल, तर एमकेव्हीटूलनिक्स या एमकेव्ही जोडण्या-तोडण्याच्या प्रोग्राममध्ये साइज देऊन फाइलचे दोन भाग पाडा. तेही एन्कोड न करता होतं, आणि दोन्ही भागांत सगळे आवाज आणि सबटायटल शाबूत राहतात.