सुऱ्या बनवून घेण्यापूर्वी: केळी पॅक हाऊस आणि ठोक खरेदीदारांसाठी माहितीपत्रक

जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल, सावदा या केळी पट्ट्यातून येणारी मागणी बहुधा एका ओळीची असते: ‘फणी काढायच्या सुऱ्या, २०० नग, स्टेनलेस.’ एवढ्यावर दर सांगता येतो, सुरी बनवता येत नाही.

‘स्टेनलेस’ म्हटले की बाजारात सहज हाती येतो तो ३०४ प्रतीचा पत्रा. तो गंजत नाही हे खरे, पण त्याला पाणी देता येत नाही. कितीही तापवून विझवा, तो कडक होत नाही आणि धार लगेच मरते. सुरीला ४२०जे२ सारखे पोलाद लागते. लोहचुंबक लावून पाहा: ४२० ला घट्ट चिकटते, ३०४ ला जवळजवळ नाही. मात्र चिकटले म्हणजे पाणी नीट दिले आहे, असा अर्थ काढू नका. साधे लोखंडही चिकटते.

कमान पाट्याचा (गाडीच्या स्प्रिंगच्या पट्टीचा) कोयता घड उतरवायला उत्तम. तो शेतातच ठेवा. केळीच्या चिकातले टॅनिन लोखंडाशी मिळून निळसर-काळे डाग पाडते आणि फण्या धुण्याच्या तुरटीच्या पाण्यात असे पाते पटकन गंजते. डाग पडलेली फणी निर्यातीच्या खोक्यात जात नाही.

कडकपणा रॉकवेल ‘सी’ मापात लिहून घ्या. फणीच्या सुरीला ५२ ते ५५ पुरे. त्याखाली धार वळते. वर गेल्यास धार जास्त टिकते, पण दांड्यात सुरी पिळली की कपची उडते, आणि ती कपची फळात सापडली तर पूर्ण माल परत. हे पोलाद १००० ते १०५० अंश सेल्सिअसला तापवून विझवतात, मग साधारण २०० अंशांच्या आत पुन्हा तापवून ठिसूळपणा काढतात. दुसरी पायरी वेळ वाचवायला गाळली जाते. तिथेच बहुतेक तक्रारींचे मूळ असते.

आकाराबाबत आमचे मत ठाम आहे: टोक गोल हवे. टोकदार सुरी शेजारच्या फणीवर ओरखडा काढते आणि तो पिकताना काळा पडतो. पाते २ मिमी जाड, किंचित वाकडे. कापाचे तोंड स्वच्छ नसेल तर फाटलेल्या भागात बुरशी शिरून फणी बुडाकडून सडते. म्हणून बोथट सुरीने कसेबसे भागवू नका. एका बाजूनेच धार असलेली सुरी मागवत असाल तर डावखुरे कामगार किती, तेही कळवा. त्यांना उलट बाजूची धार लागते.

मूठ पॉलिप्रॉपिलिन या प्लॅस्टिकची घ्या. बाभळीची मूठ हाताला छान बसते, पण पाणी पिते, फुगते आणि रिव्हेटजवळ फटीत चीक साचतो. मुठीचा रंग टेबलाप्रमाणे वेगळा ठेवला तर सुरी कोणाची हा वाद मिटतो. तुमचाच आकार हवा असल्यास साच्याचा खर्च वेगळा; थोड्या नगांसाठी तो परवडत नाही, आमच्या तयार मुठींतून निवडा.

आधी ३ नमुने घ्या. एक तुमच्या टेबलावर आठवडाभर वापरा. दुसऱ्याच्या टोकाला, मध्ये आणि मुठीजवळ कडकपणा मोजून घ्या. मापाचा खड्डा पडतो, म्हणून हा नग विकायचा नाही. तिसरा सही करून जपून ठेवा, माल आल्यावर त्याच्याशी ताडा. पाते काचेवर ठेवून वाकडेपणा बघा: विझवताना पातळ पाती वळतात. धारेवर निळी झाक दिसली तर घासताना ते फार तापले, पाणी उतरले, म्हणजे कडकपणा गेला. असा नग परत करा. मृगबागेची (जून-जुलैत लावलेल्या केळीची) कापणी सुरू होण्याआधी किमान दीड महिना मागणी नोंदवा.

पाते ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असेल तर ऑर्डरवर वापर स्पष्ट लिहा: ‘केळी कापणीसाठी, शेती उपयोग’. शस्त्र नियमांत या मापांपुढची पाती येतात. घरगुती, शेती, शास्त्रीय व औद्योगिक कामासाठी घडवलेली त्यातून वगळली आहेत. वाहतुकीत गाडी अडवली तर हाच कागद कामी येतो. बिलावरही लक्ष द्या: सुऱ्या जीएसटीच्या एचएसएन (माल वर्गीकरण) यादीत ८२११ या शीर्षकाखाली जातात, विळे-कोयत्यांसारखी शेतीची हत्यारे ८२०१ खाली. दोन्ही एकाच ओळीत लिहून घेऊ नका.